आरसा, झारी, करंडा : आपली मंगलचिन्हे पर्सवर कशी पोचली



पर्युषण जवळ आले की प्रदर्शने सुरू होतात. राख्या, जपमाळा, सुके पदार्थ आणि त्यांच्या शेजारी बटवे. त्या बटव्यांवर अष्टमंगल, मोबाइलच्या कव्हरवर नंद्यावर्त, किल्ल्यांच्या जुडग्याला स्वस्तिक आणि सिद्धशिलेची चंद्रकोर, पाटण पटोळ्याच्या नक्षीचा क्लच, मधुबनीतले मासे असलेली थैली. घेणाऱ्या घेतात आणि मग मंडळात वाद होतो. एखादी काकू म्हणते, हा अविनय आहे, देवाचे चिन्ह काखोटीला मारून बाजारात फिरायचे काय? तर एखादी सून म्हणते, देवळात यायला मुलींना वेळ नाही, निदान पर्सवर तरी दिसू दे. दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघीही एक गोष्ट गृहीत धरतात की ही चिन्हे देवळात जन्मली आणि आत्ता पहिल्यांदाच बाहेर पडली. इतिहास तसा नाही, आणि तो कळला तर वादही जरा वेगळ्या जागी येऊन बसतो असे मला वाटते.

आधी यादी पाहू. आपल्या दिगंबर बसदीत वेदीसमोर पितळेची किंवा चांदीची जी आठ मंगलद्रव्ये मांडतात ती अशी : झारी, कलश, आरसा, चवरी, ध्वज, पंखा, छत्र आणि सुप्रतिष्ठ, म्हणजे ज्याला आपण ठोणा म्हणतो ते. श्वेतांबर मैत्रिणींकडची यादी वेगळी : स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, आरसा आणि माशांची जोडी. दोन्हींत सामाईक काय, तर कलश आणि आरसा. बाकी सगळे वेगळे.

आता या दोन याद्यांकडे धर्माच्या नजरेने नाही, तर घर आवरणाऱ्या बाईच्या नजरेने पाहा. झारी म्हणजे पाणी ओतायचे चंबूसारखे भांडे. पंखा उन्हाळ्यात हाताने घालायचा. छत्र म्हणजे छत्री. आरसा तर काय, दाराशेजारी टांगलेला असतोच. भद्रासन म्हणजे पाहुण्याला द्यायची बरी बैठक. आणि वर्धमानक? दोन परळ एकावर एक उपडे ठेवले की जी डबी होते ती. जुन्या ग्रंथांत आणि शिल्पांत तिला शरावसंपुटही म्हणतात, आणि बरेच अभ्यासक ती चूर्ण, सुगंधी पूड ठेवायची डबी मानतात. म्हणजे आपला करंडाच! राजघराण्यात आणि श्रीमंत घरात सन्मानाच्या पाहुण्यापुढे जे जे मांडायचे, ते ते भगवंतापुढे मांडले गेले आणि मांडता मांडता त्याचे चिन्ह झाले. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त या शुद्ध आकृती सोडल्या तर आठांतले बहुतेक सारे कुणाच्या ना कुणाच्या हातातल्या वापरातल्या वस्तू होत्या. वस्तूवर चिन्ह काढायची प्रथा फार जुनी आहे हे खरेच, पण त्याच्याही आधी वस्तूच चिन्ह झाली.

याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सुंदर पुरावा मथुरेचा. मथुरा शहराच्या कडेला कंकाली टीला नावाचा ढिगारा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात अनेकदा खणले गेले, आणि १८८८ ते १८९१ या वर्षांत फ्यूरर यांनी केलेल्या उत्खननात एका मोठ्या जैन स्तूपाचे आणि मंदिरांचे अवशेष निघाले. या अवशेषांत काही जवळजवळ चौकोनी दगडी फरशा आहेत. त्यांना आयागपट म्हणतात, म्हणजे पूजेसाठी मांडलेली शिळा. काळ साधारण इसवी सनापूर्वी पहिले शतक ते इसवी सनाचे पहिले शतक. अजून घरोघरी मूर्ती बसायच्या होत्या, तेव्हाचे हे काम. बरेचसे आयागपट आज लखनौच्या संग्रहालयात आहेत, काही मथुरेला, आणि एक प्रसिद्ध आयागपट दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो सिहनादिक नावाच्या माणसाने बसवला. मधोमध ध्यानस्थ जिन, आणि वर-खाली दोन पट्ट्यांत चार-चार मंगलचिन्हे. माशांची जोडी आहे, श्रीवत्स आहे, कमळ आहे, कलश आहे आणि आपली ती परळांची डबीही आहे. आजच्या श्वेतांबर यादीशी काही जुळते, काही जुळत नाही. दिगंबर यादीशी त्याहून कमी जुळते. म्हणजे आठाचा आकडा आधी पक्का झाला, आठात कोण कोण हे नंतर कितीतरी शतके बदलत राहिले. "आमचीच यादी मूळची" असे ठामपणे सांगणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी हा दगड एकदा जाऊन पाहावा.

पण मला आयागपटांत चिन्हांइतकीच ओढ वाटते ती नावांची. सिहनादिक स्वतःची ओळख सांगताना बापाबरोबर आईच्या कुळाचेही नाव घेतो, कौशिकीचा मुलगा म्हणून. आणि दान देणाऱ्यांत बायका किती! एक शिळा शिवयशा नावाच्या बाईची आहे. तिचा नवरा फगुयश नर्तक होता. शिळेचा वरचा भाग तुटून गेला आहे, पण खाली स्तूपाच्या पायऱ्या आणि तोरण शाबूत आहे आणि दोन्ही बाजूंना दिमाखात उभ्या दोन स्त्रिया आहेत. दुसरी शिळा वसूची. वसू ही लोणशोभिका नावाच्या गणिकेची मुलगी, आणि स्वतःही गणिका. लेखात तिची आई श्रमणांची श्राविका म्हणवली गेली आहे. वसूने अर्हतांचे देऊळ, सभा, पाण्याचे टाके आणि ही शिळा दिली, आणि दान देताना आई, मुलगी, मुलगा आणि सगळे घर बरोबर घेतले, असे त्या लेखाचे सांगणे आहे. संघाने ते दान घेतले, इतकेच नव्हे तर नाव कोरून घेतले. आपल्याकडे आजही एखाद्या बाईने दिलेल्या दानाच्या पाटीवर तिच्या आधी नवऱ्याचे, सासऱ्याचे नाव येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर नर्तकाची बायको आणि गणिकेची मुलगी आपापल्या नावाने उभ्या आहेत. हे मला लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही.

दागिन्यावर मंगलचिन्हे, हीसुद्धा तेव्हाचीच रीत. सांचीच्या स्तूपाच्या तोरणावर दगडात कोरलेल्या माळा आहेत; त्यांत मण्यांऐवजी मंगलचिन्हे ओवलेली दिसतात. एका माळेत अकरा, दुसरीत तेरा. मासे, श्रीवत्स, आरसा, कमळ, अंकुश, असे एकामागून एक. सांची बौद्धांचे, मथुरेचा तो ढिगारा जैनांचा. पण चिन्हे दोन्हीकडे तीच, कारण ती त्या काळच्या सगळ्याच घरांतली होती. गळ्यात बांधायची, कपाटावर रंगवायची, दारावर काढायची. त्यामुळे "हे आपले, ते त्यांचे" हा हिशेब या चिन्हांच्या बाबतीत फारसा चालत नाही. अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला भरला. अक्षतांचे स्वस्तिक काढताना चार पाकळ्या म्हणजे चार गती, वरचे तीन ठिपके म्हणजे रत्नत्रय, चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला आणि तिच्यावरचा ठिपका म्हणजे सिद्ध, हा अर्थ आपला. आकार सगळ्यांचा आहे.

मधल्या काळात या चिन्हांना जागा मिळाली ती मुख्यतः पोथीभोवती. ताडपत्रावरच्या पोथीला वर-खाली लाकडी फळ्या लागत, त्यांना पाटली म्हणत. जैसलमेरच्या ज्ञानभांडारात बाराव्या शतकातल्या रंगवलेल्या पाटल्या आहेत. पुढे कागद आला, पोथी रुंद झाली, आणि फळीच्या जागी कापड मढवलेले पुठ्ठे आले. त्या पुठ्ठ्यांवर रेशमाने, जरीने, पुढे काचमण्यांनीही अष्टमंगल आणि त्रिशलामातेची स्वप्ने भरली जाऊ लागली. (आपल्याकडे सोळा, श्वेतांबरांकडे चौदा; जोडीचे मासे आणि सिंहासन आपल्या यादीत जास्त.) पोथी बांधायचा रुमाल, जपमाळेची थैली, श्वेतांबर साधूंच्या ओघ्याला आत गुंडाळायचे अष्टमंगलाचे भरतकाम असलेले वस्त्र, व्रत पूर्ण झाल्यावर उजमण्यात द्यायचे जरीचे चंदरवे आणि पुठिये, ही सारी बायकांच्या खर्चाने आणि पुष्कळदा बायकांच्या हाताने झालेली कामे. चातुर्मासासाठी आचार्यांना बोलावणे करायची जी लांबच लांब विज्ञप्तिपत्रे निघत, त्यांची सुरुवातही पुष्कळदा अष्टमंगल आणि स्वप्नांच्या चित्रांनीच होई. मग गावाची बाजारपेठ, दुकाने, माणसे, आणि शेवटी विनंतीचा मजकूर.

एक गंमत सांगते. पोथ्यांचे जे उत्तम रेशमी पुठ्ठे कच्छमध्ये भरले जात, ते आरीच्या कामाचे असत. आरी म्हणजे आकड्याची टोचणी. ते काम मोची लोकांचे, कारण आरी हे मूळ चामडे शिवायचे हत्यार. चामड्याला हात न लावणाऱ्या घरातली पोथी त्याच हत्याराने सजली. कारागिराच्या हाताला आणि हत्याराला विटाळ नसतो, विटाळ असलाच तर आपल्या डोक्यात.

आता पटोळ्याची गोष्ट, कारण सध्या बटव्यांवर सगळ्यात जास्त दिसतो तो पटोळाच. शिवाय या गोष्टीत आपला जालना आहे.

पाटणचा पटोळा म्हणजे दुहेरी बांधणीचे रेशमी विणकाम. ताणा आणि बाणा, दोन्ही सुते विणायच्या आधीच जागजागी बांधून रंगवायची, आणि मग विणताना प्रत्येक रंगाचा ठिपका बरोबर आपल्या जागी आणून बसवायचा. एका साडीला माणसांचे महिनोन्महिने जातात. नक्षीही ठरलेल्या : पानभात, नवरत्नभात, छाबडीभात, नारीकुंजर. परंपरा अशी सांगते की गुजरातचा सोळंकी राजा कुमारपाल (राज्यकाळ साधारण ११४३ ते ११७२), हेमचंद्राचार्यांचा शिष्य, रोज पूजेला नवा पटोळा नेसत असे. हे पटोळे जालन्याहून येत. एक दिवस त्याच्या कानावर आले की जालन्याचा राजा प्रत्येक पटोळा आधी स्वतः अंथरुणावर वापरतो आणि मग पुढे विकू देतो. म्हणजे भगवंतासमोर आपण वापरलेले वस्त्र नेसून उभे राहत होतो! कुमारपालाने मग जालन्याहून सातशे सालवी विणकर कुटुंबे पाटणला आणून वसवली. पाटणला आज पटोळे विणणारी हातावर मोजण्याइतकी घरे उरली आहेत, आणि ती सालवीच आहेत.

ही दंतकथा आहे, आणि दंतकथा म्हणूनच ऐकावी. पाटणलाच राणी उदयमतीने बांधवलेली राणीची वाव आहे, अकराव्या शतकातली, म्हणजे कुमारपालाच्या आधीची. तिच्या भिंतींवरच्या जाळीदार नक्षीत पटोळ्याच्या नक्षीशी मिळतेजुळते नमुने बघणाऱ्याला सहज दिसतात. तेव्हा ती नक्षी पाटणला आधीपासून ओळखीची असणार. सातशेचा आकडाही फारच गोल आहे. पण सालवी घराण्यांनीच ही आठवण पिढ्यानुपिढ्या जपली आहे, आणि दक्खनेतून विणकर गुजरातेत गेले यात अशक्य काहीच नाही. मला या कथेतला सल महत्त्वाचा वाटतो. आठशे वर्षांपूर्वीही प्रश्न आपलाच होता : वापरलेले आणि पूजेचे यांच्यामधली रेघ कुठे ओढायची? राजाने रेघ ओढली ती कोऱ्या वस्त्रापाशी. प्राणिहत्या बंद करणारा हाच राजा, पण रेशीम मात्र त्याला खटकले नाही. आज आपल्यातल्या कितीतरी जणी रेशीम नेसत नाहीत, कोष उकळताना किडा मरतो म्हणून. आणि त्याच आपण पॉलिएस्टरवर छापलेला पटोळा हातात घेऊन फिरतो. त्या छपाईत सालवींचा एक धागा नाही हे खरे, पण त्यात जीव गेलेला नाही हेही खरे. मी तरी या छापील पटोळ्याला नाक मुरडत नाही. फक्त त्याला "पाटण पटोळा" म्हणून जास्त पैसे देत नाही.

आपल्या सीमाभागातल्या मैत्रिणींना पटोळ्यापेक्षा जवळचा कशिदा. धारवाड, बेळगाव, विजापूरकडचा, इरकली साडीच्या पदराला भरायचा. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे चार टाके. कापडावर आखून घ्यायचे नाही, सुते मोजून भरायचे, गाठ मारायची नाही, आणि गवंतीचा टाका असा की उलटसुलट दोन्हीकडून सारखा दिसावा. नक्षीत गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, कमळ, आणि तुळशीवृंदावनसुद्धा. लिंगायत, ब्राह्मण, जैन, मराठा, सगळ्यांच्या घरात तीच नक्षी. कशिद्यावर कुणी धर्माचा शिक्का मारला नाही. जिने भरला तिने पालखीत आपला देव बसवला. आता त्याच कशिद्याचे नमुने यंत्रावर भरून चष्म्याच्या पाकिटांवर येतात. यंत्राचा भरलेला नमुना उलटा करून पाहिला की लगेच कळते, मागे सगळे दोऱ्यांचे जंजाळ.

गुजराती-काठियावाडी घरांतून मुंबईला आलेला ठेवा म्हणजे मोतीभरत. नाव मोती, पण मणी काचेचे, आणि ते बरेच. खरा मोती शिंपल्यातल्या जिवाच्या मोलाने येतो. एकोणिसाव्या शतकात सौराष्ट्रातल्या बायका ज्या मण्यांनी काम करीत, ते मणी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर बनत आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी व्यापार करणारे आपले लोक ते झांजिबारच्या वाटेने आणत. विचार करा, इटलीत बनलेला काचमणी, आफ्रिकेच्या बंदरावरून, गलबतातून, एका काठी नाहीतर वाणी बाईच्या सूपात. ती त्यातून काय घडवी? दाराचे तोरण, भिंतीचा चौकोनी चाकळा, नारळाचे वेष्टण, पंखा, चौपटाचा पट, डोक्यावर घागर ठेवायची ईंढोणी (आपली चुंबळ), आणि बटवा. पांढऱ्या मण्यांची जमीन, तिच्यावर रंगीत हत्ती, मोर, पाळणे, फुले. दोन पद्धती : एक, कापडावर मणी टाचायचे, दुसरी, तीन-तीन मण्यांची गुंफण करत जायचे, की खाली कापड नसतानाच मण्यांचे कापड तयार होते. हे दुसरे काम उन्हात धरले की आरपार दिसते.

या वस्तू दिखाऊ नव्हत्या. ईंढोणी रोज डोक्यावर बसे, भिजे, मळे. पंखा स्वयंपाकघरात फिरे. बटव्यात सुपारी, लवंग, बंदे रुपये. तरीही त्यांवर मंगलाकृती होत्या. हेच मला वादात दोन्ही बाजूंना दाखवायचे आहे. रोजच्या वस्तूवर मंगलचिन्ह ही नव्या बाजाराची टूम नाही. पण जुन्या घरगुती वस्तूंवर काय नव्हते तेही पाहा : मी जितके तोरण, चाकळे, बटवे पाहिले, त्यांवर कलश होता, हत्ती होता, स्वप्ने होती, भगवंतांची मूर्ती नव्हती. मूर्तीचे चित्र पोथीत, देवळात, उजमण्याच्या पुठियात. हातातल्या वस्तूवर नाही. ही रेघ कुणी ग्रंथात लिहिली नसेल, पण बायकांच्या हातांनी ती पाळली होती.

आणि एक चिन्ह या सगळ्यांपेक्षा कितीतरी नवे आहे, जे आज मोटारींच्या काचांवर, किल्ल्यांच्या जुडग्यांना सगळ्यात जास्त दिसते. लोकाकृतीची बाह्यरेषा, वर सिद्धशिला, तीन ठिपके आणि स्वस्तिक, खाली तळहातावर चक्र, आणि चक्रात "अहिंसा". हे प्रतीक १९७४-७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारले. पाच रंगांचा ध्वजही तेव्हाचाच. खालचे वचन तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातले. दिगंबर, मूर्तिपूजक, स्थानकवासी, तेरापंथी, चौघांचे एकमत झाले अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांत हे एक. पन्नास वर्षांचे चिन्ह इतके रुळले की नातवंडांना ते ऋषभदेवांच्या काळापासूनचे वाटते.

परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांसाठी मात्र एक सूचना द्यायला हवी. १९२० मध्ये हिटलरच्या पक्षाने आकड्याचा क्रॉस झेंड्यावर घेतला आणि युरोपात त्या आकृतीचा अर्थ एकदम दुसराच होऊन बसला. जर्मनीत नाझी चिन्हे जाहीरपणे मिरवण्यावर कायद्याने बंदी आहे. आपले स्वस्तिक वेगळे, सुपार्श्वनाथांचे लांछन, हे आपल्याला ठाऊक. पण आगगाडीत समोर बसलेल्या म्हातारीला ठाऊक नसते, आणि तिच्या आठवणीत काय असेल ते आपल्याला ठाऊक नसते. दुसऱ्याचे मन दुखू नये हाही आपलाच धर्म. म्हणून बर्लिनला जाणाऱ्या मुलीच्या थैलीवर स्वस्तिक देऊ नका. कलश द्या. कलश मल्लिनाथांचे लांछन, आणि श्वेतांबर परंपरेत मल्ली स्त्री तीर्थंकर, म्हणजे मुलीला सांगायला गोष्टही होते. मासे दिले तरी चालतील. गंमत म्हणजे अरनाथांचे लांछन दिगंबर परंपरेत मासा आणि श्वेतांबर परंपरेत नंद्यावर्त, आणि श्वेतांबर अष्टमंगलात दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

मग वापरावे की नाही? मी माझ्यापुरते असे ठरवले आहे. पोथी आणि पूजेची सामग्री नाभीच्या वर धरायची ही रीत आपल्या घरांत आहे. त्याच रीतीने पायपुसणे, चप्पल, बैठकीचे आसन, जमिनीवर टेकणारी भाजीची पिशवी, यांवर मंगलचिन्ह नको. चामड्यावर तर नकोच. चामड्याच्या पर्सवर अष्टमंगल छापणाऱ्याला अष्टमंगल तर कळलेच नाही, पण जैनही कळले नाहीत. मूर्तीचे चित्र आणि णमोकाराची अक्षरे फाटणाऱ्या, फेकल्या जाणाऱ्या वस्तूवर नकोत. लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके यांत आपण सगळ्यात जास्त चुकतो, बटव्यात नाही. बाकी कलश, आरसा, हत्ती, कमळ, झारी, ही घरातून आलेली मंडळी आहेत. ती परत घरात आली तर मला त्यात अविनय दिसत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पर्यटकांच्या बाजारांत, मग ते अहमदाबादचे असोत, दिल्लीचे की आपल्या कुलाब्याचे, जुन्या भरतकामाच्या थैल्या टांगलेल्या असतात. "अँटिक पीस" म्हणून त्या महाग. नीट पाहिले की कळते, एखाद्या चाकळ्याचे चार तुकडे करून चार थैल्या शिवल्या आहेत. एका थैलीवर हत्तीची सोंड, दुसरीवर त्याचे शेपूट. जरीचे जुने पुठिये तर जर काढून घ्यायला वितळवले जातात. हे माल बाहेर जातो कुठून? आपल्याच माळ्यांवरून. आजी गेल्यावर खोली रिकामी करताना "जुने आहे, वास येतो, घेऊन जा" म्हणून. नवीन बटव्यावर छापील हत्ती विकत घ्यायचा आणि आजीने भरलेला हत्ती भंगारात द्यायचा, असा हा व्यवहार चालला आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी एवढे करा. मोतीभरत घडी घालून ठेवू नका. मणी काचेचे पण धागा सुती आणि शंभर वर्षांचा, घडीवर तो आधी तुटतो. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर पसरून, काठीवर हलकेच गुंडाळा, भरतकाम बाहेरच्या बाजूला. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरतो. डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाची पुरती वाळलेली पाने वेगळ्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, कापडाला थेट लागू देऊ नका, आणि पावसाळा संपला की बदला. ऊन देऊ नका, वारा द्या. तुटलेले मणी फेकू नका, डबीत ठेवा. तो आकार आता मिळत नाही. धुणे तर नकोच.

आणि त्याच कापडात एक चिठ्ठी ठेवा : कुणी भरले, माहेर कुठले, कोणत्या लग्नाला किंवा कोणत्या उपवासाच्या उद्यापनाला. आईला विचारा, आत्याला विचारा, आज विचारा. वसूचे आणि शिवयशेचे नाव दगडावर राहिले. आपल्या पणजीचे कापडाबरोबर कुठेच नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई दमटपणाने कापडात उतरते.